मोटरहोममध्ये सगळ्या घराचं चार्जिंग: पाव युनिटाचा हिशेब

पाच माणसांच्या घरातले फोन, टॅब, लॅपटॉप, कॅमेरा, घड्याळं हे सगळं मिळून दिवसाला साधारण पाव युनिट वीज खातं. घरच्या वीजबिलात हा आकडा शोधूनही सापडणार नाही. पण याच पाव युनिटापायी आमची गाडी बामणोलीला पाण्याच्या काठावर पहाटे बंद पडली, आणि तेव्हापासून हा विषय मी मुळापासून शिकले. साताऱ्यात आमच्या ओळखीची तीन-चार घरं आता जुनी विंगर किंवा ट्रॅव्हलर घेऊन तिचं मोटरहोम करायच्या तयारीत आहेत, काही जण भाड्याने कॅम्पर घेऊन कोकणात उतरतात. सगळे आधी गादी, ओटा आणि टॉयलेटचं विचारतात. चार्जिंगचं "लाइटर सॉकेट आहेच की" म्हणून राहून जातं. हा लेख त्यांच्यासाठी.

आमच्या गाडीत मी, नवरा, बारावीतला मुलगा, सहावीतली मुलगी आणि सासूबाई असे पाच जण असतो. आईंना (सासूबाईंना) ऐकायला कमी येतं. त्यांचं श्रवणयंत्र रोज रात्री त्याच्या डबीत ठेवून चार्ज करावं लागतं. ते राहिलं तर दुसरा सगळा दिवस त्यांच्याशी कुणालाच धड बोलता येत नाही, म्हणून आमच्या यादीत ती डबी सगळ्यांच्या आधी येते. तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल, ती आधी हेरून ठेवा.

त्या पहाटे काय झालं

पहिल्या सहलीला गाडीत दुसरी बॅटरी नव्हती. यवतेश्वर, कास करत संध्याकाळी बामणोलीला उतरलो. लाइटर सॉकेटात छोटा इन्व्हर्टर लावला, त्याला घरची एक्स्टेंशन पट्टी, आणि पट्टीवर चार फोन, लॅपटॉप, टॅब आणि एक छोटा टेबलफॅन. सगळं रात्रभर चालू. सकाळी किल्ली फिरवली तर डॅशबोर्डचे दिवे मंद झाले आणि बॉनेटखाली नुसतं टक-टक. गाडी सेल्फच घेईना.

थोड्या अंतरावर मालाचा एक मोठा ट्रक उभा होता. नवरा जंपर केबल घेऊन तिकडे निघालाच होता, तेवढ्यात बोटीवरचे एक काका ओरडले, "अहो पावणं, ट्रक चोवीसचा असतोय! जाळून बसाल सगळं. थांबा, माझी पिकअप आणतो."

हे काकांचं वाक्य लिहून ठेवण्यासारखं आहे. मोठ्या ट्रकमध्ये १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. आपली गाडी १२ ची. चोवीसवरून जोडणी दिली तर गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जळू शकते. पिकअप, कार, ट्रॅक्टर चालतो, पण तिथेही आधी विचारून घ्या. केबल लावायचा क्रमही पाठ असू द्या: लाल चिमटा आधी आपल्या उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग दुसऱ्या गाडीच्या प्लसला. काळा आधी दुसऱ्या गाडीच्या मायनसला, आणि शेवटचा काळा चिमटा आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते, ती बॅटरीजवळ उडू नये म्हणून.

गाडीची मूळ बॅटरी बनवलेली असते ती सेल्फ मारण्यासाठी. दोन-चार सेकंद शेकडो अॅम्पिअर द्यायचे आणि मग इंजिन सुरू झालं की परत भरून घ्यायचं, हे तिचं काम. रात्रभर थोडं थोडं देत राहणं तिला सोसत नाही. एकदा पूर्ण उतरली की तिचं आयुष्यही कमी होतं. आमची त्या प्रसंगानंतर चार महिन्यांतच बदलावी लागली.

पायरी १: घरातल्या वस्तू मोजा

बाजारात जायच्या आधी वही घ्या. फोनच्या बॅटरीवर एमएएच (मिलिअॅम्पिअर-तास) लिहिलेले असतात. त्या आकड्याला १००० ने भागा आणि ३.८५ ने गुणा, की वॉट-तास मिळतात. ५००० एमएएचचा फोन म्हणजे साधारण १९ वॉट-तास. चार्जर आणि केबलमध्ये थोडी वीज उष्णता होऊन जाते, म्हणून तो २५ धरा. लॅपटॉपच्या बॅटरीवर थेट वॉट-तासच छापलेले असतात, बहुधा ४५ ते ६० च्या दरम्यान.

आमची वही अशी आहे. चार फोन, प्रत्येकी २५, म्हणजे १००. मुलीचा टॅब ४०. माझं काम लॅपटॉपवर चालतं, त्याचे ७०. कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्यांचे २०. श्रवणयंत्राची डबी, दोन घड्याळं, छोटा स्पीकर आणि टॉर्च मिळून २०. बेरीज २५० वॉट-तास. हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट, म्हणून पाव युनिट. १२ व्होल्टच्या बॅटरीच्या भाषेत हे २५० भागिले १२, म्हणजे साधारण २१ अॅम्पिअर-तास.

लॅपटॉपवर दिवसभर काम करणार असाल तर त्याची बॅटरी मोजून भागत नाही, तास मोजा. काम करताना साधा लॅपटॉप तासाला ३० वॉट-तासांच्या आसपास घेतो, म्हणजे सहा तासांचे १८०. कुणी रात्री श्वासाचं मशीन लावत असेल तर ते या यादीत मिसळू नका. त्याचा वेगळा हिशेब त्याच्या पट्टीवरचे वॉट पाहून करा आणि त्याच्यासाठी बॅटरीत कायम राखीव ठेवा.

पॉवरबँकेबद्दल एक गैरसमज बराच दिसतो. २०,००० एमएएच लिहिलेली पॉवरबँक म्हणजे आत ७४ वॉट-तास. त्यातून ५००० एमएएचचे चार फोन भरत नाहीत, अडीच-तीन भरतात, कारण आतल्या ३.७ व्होल्टचे ५ किंवा ९ व्होल्ट करताना वीज खर्च होते.

पायरी २: इन्व्हर्टर बंद ठेवायला शिका

नवीन माणूस इथेच चुकतो, म्हणून जरा थांबून सांगते.

फोनच्या आत जाणारी वीज डीसी असते, गाडीतली बॅटरीही डीसीच. आपण काय करतो? बॅटरीचे १२ व्होल्ट इन्व्हर्टरमध्ये घालून २३० व्होल्ट एसी करतो, त्यावर फोनचा चार्जर लावतो, आणि तो चार्जर परत त्याचे ५ किंवा ९ व्होल्ट डीसी करतो. साताऱ्याहून वाईला जायचं आणि मध्येच कराडला वळसा घालून यायचा, तसं हे. प्रत्येक वळणावर दहा-पंधरा टक्के वीज जाते.

त्याहून मोठा खर्च वेगळाच आहे. हजार-दोन हजार वॉटचा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्याला काहीही लावलेलं नसलं, तरी तो स्वतःसाठी १० ते २० वॉट खातो. १० वॉट धरले तरी चोवीस तासांचे २४० वॉट-तास होतात. म्हणजे आमच्या पाच जणांच्या सगळ्या वस्तूंना लागते तितकीच वीज तो एकटा बसल्या जागी संपवतो! हा आकडा मी वहीत मांडला तेव्हा दोनदा तपासून पाहिला.

म्हणून फोन, टॅब, लॅपटॉप, कॅमेरा हे सगळं थेट १२ व्होल्टवर चार्ज करा. त्यासाठी 'पीडी' (पॉवर डिलिव्हरी, जलद चार्जिंगची सर्वसाधारण पद्धत) लिहिलेला टाइप-सी कार चार्जर घ्या. एक पोर्ट ६५ वॉट आणि दुसरा ३० वॉट असा असला तर लॅपटॉप आणि फोन एकाच वेळी चालतात. जुन्या पद्धतीचे चौकोनी यूएसबी पोर्ट बहुतेक ५ व्होल्ट २.४ अॅम्पिअर, म्हणजे १२ वॉटच देतात. रात्रीला ते पुरे आहेत. गोल पिनचा लॅपटॉप असेल तर त्याच्या व्होल्टेजचा १२ व्होल्टवर चालणारा कार अॅडॉप्टर मिळतो. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांना यूएसबीवर चालणारे चार्जर येतात.

केबलकडे लक्ष द्या. साधी टाइप-सी केबल ३ अॅम्पिअरपर्यंतच चालते, म्हणजे जास्तीत जास्त ६० वॉट. त्याहून जास्त हवे तर १०० वॉट लिहिलेली केबल लागते, तिच्या पिनमध्ये छोटी चिप असते. ती नसेल तर चार्जर कितीही मोठा असो, लॅपटॉप सावकाशच भरेल. मोबाइल कंपन्यांचं खास जलद चार्जिंग त्यांच्याच चार्जरवर चालतं. पीडीवर तोच फोन जरा हळू भरतो, त्यात नुकसान काही नाही.

इन्व्हर्टर काढून टाका असं मी म्हणत नाही. मिक्सर, भारी गेमिंग लॅपटॉप यांना तो लागतोच. शुद्ध साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी वीज देणारा) घ्या, बटण हाताशी ठेवा आणि काम झालं की बंद करा.

पायरी ३: दुसरी बॅटरी

चार्जिंग, दिवे, पंखा यांच्यासाठी वेगळी बॅटरी हवी, आणि तिचा सेल्फच्या बॅटरीशी रात्री काहीही संबंध नको.

आपल्याकडे घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी गाडीत बसवायचा मोह होतो. स्वस्त पडते, घरात पडूनही असते. पण ती ५० किलोच्या पुढे भरते, तिच्यात ॲसिड पातळ असतं, आणि पसरणी घाटाच्या वळणांवर ते हिंदकळतं. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजनही निघतो. लोक झोपतात त्या बंद जागेत ती नकोच. लेड-अॅसिडच (शिसं आणि अॅसिडची बॅटरी) घ्यायची असेल तर सीलबंद घ्या आणि तिची निम्मीच क्षमता आपली धरा. १०० अॅम्पिअर-तासातले ५० वापरायचे.

परवडत असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, दुकानदार तिला एलएफपी म्हणतात. १०० अॅम्पिअर-तासाची बॅटरी बारा-तेरा किलोत बसते, १२८० वॉट-तास देते आणि त्यातले ऐंशी टक्के बिनधास्त वापरता येतात. फक्त चार्जिंग आणि एखादा दिवा एवढाच वापर असेल तर ५० ची सुद्धा आमच्यासारख्या घराला दोन दिवस पुरते. पंखा आणि फ्रिज आला की १०० च्या खाली जाऊ नका. १२ व्होल्टचा छोटा फ्रिज एकटाच दिवसाला आमच्या सगळ्या चार्जिंगच्या दीड-दोन पट वीज घेतो.

एलएफपी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. थंडीत महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात तेव्हा लोक घाबरून विचारतात. बॅटरी गाडीच्या आत सीटखाली असेल तर तिथे इतकी थंडी पोहोचत नाही.

लेड-अॅसिड किती भरली आहे ते साध्या मल्टिमीटरवर (व्होल्ट, अॅम्पिअर मोजायच्या छोट्या यंत्रावर) कळतं, मात्र दोन-तीन तास काही लावलेलं नसावं: १२.७ म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ म्हणजे संपली. एलएफपीचं तसं नाही. ती जवळजवळ शेवटपर्यंत १३.२ च्या आसपासच दाखवते आणि मग एकदम पडते. तिला शंटवाला मॉनिटर बसवून घ्या, तो आत-बाहेर गेलेले अॅम्पिअर मोजून टक्के दाखवतो.

गाडीची मूळ रचना बदलून मोटरहोम करत असाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. हे काम सुतार बोलवायच्या आधी करा.

पायरी ४: वायर आणि फ्यूज

दुसरी बॅटरी आली, चार्जर आला, आणि तरी माझा लॅपटॉप भरेना. पिन लावली की चार्जिंगची खूण यायची, दोन सेकंदांत जायची, परत यायची. दिवसभर टुक-टुक-टुक. आधी वाटलं चार्जर खराब. बदलला. नवाही तसाच. मग मल्टिमीटर घेऊन बसले. बॅटरीच्या टोकांवर १२.५. चार्जरच्या सॉकेटमागे, लॅपटॉप भरत असताना, ११.०. दीड व्होल्ट वाटेतच जात होते.

वायरिंग करणाऱ्याने "मोबाइलला काय लागतंय ताई" म्हणून एक एमएमची (एक चौरस मिलिमीटर जाडीची) वायर ओढली होती. लोड आला की व्होल्टेज पडायचं, चार्जर स्वतःला बंद करायचा, लोड गेला की व्होल्टेज वर यायचं आणि चार्जर पुन्हा चालू व्हायचा. तीच ती टुक-टुक.

घरात २३० व्होल्ट असतात, तिथे एक व्होल्ट गेल्याने कळतही नाही. १२ मधला एक व्होल्ट म्हणजे आठ टक्के. हिशेब असा: तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर वायरचा एका मीटरला विरोध ०.०१७२ ओहम. बॅटरीपासून चार्जिंगची जागा ४ मीटर असेल तर जाऊन-येऊन ८ मीटर वायर. दोन्ही पोर्ट भरात असले की साधारण १० अॅम्पिअर. १ एमएमला १.४ व्होल्ट जातात, अडीचला ०.५५, चारला ०.३४, सहाला ०.२३. मी चारची ओढली, लॅपटॉप त्याच चार्जरवर शांतपणे भरायला लागला. तुमचं अंतर जास्त असेल तर सहाची घ्या. एवढ्या लांबीला पैशांचा फरक फार नसतो.

वायर बारीक तारांची, लवचीक घ्या. भिंतीतल्या वायरिंगची जाड एकेरी तार गाडीच्या हादऱ्यांनी आतल्या आत तुटते. टोकांना थिंबल (धातूची छोटी टोपी) चेपून लावा, नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळू नका. मायनससाठीही वेगळी वायर परत बॅटरीपर्यंत आणा. गाडीच्या पत्र्यावर जोडली की पावसाळ्यात गंज चढतो आणि दोष शोधता शोधता जीव जातो.

आणि फ्यूज. तो बॅटरीच्या प्लसपासून एक वितीच्या आत हवा. चार्जरजवळ लावला तर मधली चार मीटर वायर उघडीच राहते. ती कुठे घासून पत्र्याला टेकली तर लाल होईल आणि फ्यूजला पत्ताही लागणार नाही. १० अॅम्पिअरच्या लोडला, चारच्या वायरवर, निळा १५ चा फ्यूज बरोबर. लाल रंगाचा १० चा असतो, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. फ्यूज उडाला म्हणून मोठा घालू नका, आधी का उडाला ते शोधा. डबीत चार-पाच जास्तीचे ठेवा.

सॉकेटला स्वतंत्र बटण असू द्या. निळा उजेड पाडणारे व्होल्टमीटरवाले सॉकेट छान दिसतात, पण ते रात्रंदिवस थोडी वीज खातात आणि झोपेत डोळ्यावर येतात.

पायरी ५: वीज आणायची कुठून

पहिला आणि सगळ्यात भरवशाचा स्रोत म्हणजे चालतं इंजिन. सेल्फच्या बॅटरीपासून दुसऱ्या बॅटरीला थेट वायर जोडू नका. एलएफपी रिकामी असताना इतकी वीज ओढते की अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) तापून जातो. शिवाय २०२० च्या एप्रिलपासूनच्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकांत अल्टरनेटर आपलं व्होल्टेज स्वतःच कमी-जास्त करतो, त्यामुळे साध्या रिलेवर दुसरी बॅटरी अर्धवटच भरते. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवा. इंजिन चालू असेल तेव्हाच तो चालतो, म्हणजे सेल्फच्या बॅटरीला धोका उरत नाही.

२० अॅम्पिअरचा चार्जर घेतला आणि गाडी दीड तास चालली तर ३० अॅम्पिअर-तास भरतात. आमची रोजची गरज २१ ची. म्हणजे साताऱ्याहून बामणोली किंवा मेढा-केळघर घाटातून महाबळेश्वर, एवढ्या एका प्रवासात सगळ्यांचं एका दिवसाचं चार्जिंग वसूल होतं. गाडी उभी करून इंजिन नुसतं चालू ठेवणं मात्र टाळा, डिझेल जातं आणि मंद फिरणारा अल्टरनेटर वीजही कमीच देतो.

सोलर चांगलं आहे, पण ऋतू पाहून. टपावर आडवं बसवलेलं १०० वॉटचं पॅनेल हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशी ३५० ते ४५० वॉट-तास देतं, चार्जिंग भागून दिवे-पंख्यालाही उरतं. पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीला देणारा एमपीपीटी कंट्रोलर घ्या. गाडी आंब्याखाली लावली की पॅनेल झोपलं म्हणून समजा. एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळ्या पॅनेलचं उत्पादन घटतं. पाचगणीला सिल्व्हर ओकच्या सावलीत आम्ही दोन दिवस आनंदाने राहिलो आणि तिसऱ्या दिवशी बॅटरी वीस टक्क्यांवर पाहिली. जुलै-ऑगस्टात महाबळेश्वर, तापोळ्याकडे तर सोलर हिशेबातच धरू नका.

तिसरा मार्ग, मुक्कामाच्या ठिकाणची वीज. कृषी पर्यटन केंद्रात किंवा घरगुती मुक्कामाच्या जागी मालकांना विचारलं तर बहुतेक जण एक सॉकेट देतात. त्यांना आधीच सांगा की आपल्याला फक्त चार्जिंग करायचं आहे, गिझर नाही. पैसे देऊ करा. छोटा सॉकेट ६ अॅम्पिअरचा असतो, मोठा १६ चा. तीन पिनांची, अर्थिंगची वायर असलेलीच एक्स्टेंशन वापरा आणि ती गुंडाळीतून पूर्ण उलगडा, गुंडाळीतली वायर तापते. सॉकेटात लावायचा तीन दिव्यांचा टेस्टर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, अर्थिंग आहे की नाही ते लगेच दाखवतो. अर्थिंग नसेल तर गाडी जोडू नका. वीज गळून गाडीच्या पत्र्यात उतरली तर मग ती तुमच्या अंगातून जाऊ शकते. गाडीच्या आत ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला हवाच.

गावात संध्याकाळी व्होल्टेज कमी होतं याची काळजी फोनसाठी करू नका. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तो सांभाळून घेतो. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग आले, गडगडायला लागलं, की मात्र पिन काढून घ्या.

पायरी ६: जागा आणि वेळ

आईंनी जुन्या खणाच्या कापडाचे आठ कप्पे शिवून दिले आहेत. ते ओट्याच्या वर, खिडकीपासून लांब टांगले आहेत. प्रत्येक कप्प्यावर धाग्याने नाव, तळाशी केबल आत येण्यापुरतं भोक. केबलींना वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधला आहे, आईंचा पांढरा. फोन भरताना कप्प्यात पूर्ण आत न घालता वर निम्मा बाहेर ठेवतो, म्हणजे उष्णता कोंडत नाही. ही जागा झाल्यापासून "माझी केबल कुणी घेतली" ही रोजची भांडणं थांबली.

वेळेचा नियम साधा आहे: गाडी चालत असताना जास्तीत जास्त भरून घ्यायचं. लॅपटॉप, टॅब, पॉवरबँक हे रस्त्यावरच. तेव्हा वीज अल्टरनेटरमधून येते, बॅटरीतून काढावी लागत नाही. संध्याकाळी थांबल्यावर जेवण होईपर्यंत फोन. झोपताना कप्प्यात फक्त श्रवणयंत्राची डबी आणि चालकाचा फोन, कारण सकाळी रस्ता त्यावरच बघायचा असतो. मुलांना रात्री काही पाहायचंच असेल तर ते आपल्या पॉवरबँकेवर. गादीवर, उशीखाली फोन चार्जिंगला लावायचा नाही, यावर आमच्या घरी चर्चा नाही. फुगलेली पॉवरबँक किंवा फोन दिसला तर त्याच क्षणी वापर बंद. पॉवरबँक घेताना बीआयएसची खूण आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा.

गॅसची टाकी असेल तर सॉकेट आणि बॅटरी तिच्यापासून लांब ठेवा, आणि सॉकेट जमिनीलगत नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो तळाशी साचतो. दाराजवळ अग्निशामक ठेवा आणि तो कसा वापरायचा ते मुलांनाही शिकवा.

डोंगरात आणि माणदेशात

कासवरून खाली उतरलं की नेटवर्क येतं-जातं. फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि न वापरताच त्याची बॅटरी उतरते. दरीत उतरायच्या आधी नकाशे उतरवून घ्या आणि मुक्कामावर पोहोचलं की एकच फोन चालू ठेवून बाकीचे विमान मोडवर टाका. आमच्या वहीत फोनांचा खर्च यानेच निम्म्यावर आला.

उन्हाळ्यात म्हसवड-दहिवडीकडे गेलात तर प्रश्न उलटा होतो. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर फोन इतका तापतो की चार्ज व्हायचाच थांबतो. ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करू नये. फोन काचेवर लावायचा तर एसीच्या झोताजवळ लावा, आणि पॉवरबँक गाडीत ठेवून देवदर्शनाला जाऊ नका, पिशवीत घ्या.

निघण्याआधी एक रात्र अंगणात

सगळं बसवून झालं की लगेच घाट चढू नका. गाडी घरासमोर उभी करा, बॅटरी पूर्ण भरा, दोन-तीन तास थांबून आकडा वहीत लिहा. मग सगळ्यांनी गाडीतच झोपायचं, घरातल्या सॉकेटला हात लावायचा नाही. सकाळी सगळ्या पिना काढा, पुन्हा थोडं थांबा आणि आकडा बघा. १०० ची लेड-अॅसिड १२.४ च्या आसपास असेल, किंवा एलएफपीचा मॉनिटर सत्तरच्या वर असेल, तर वायरिंग ठीक आहे. त्याहून खूप खाली गेली असेल तर कुणीतरी गुपचूप वीज खातंय. सगळं बंद करा, मल्टिमीटर अॅम्पिअरवर लावून मायनसच्या वायरीत जोडा आणि एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा एकदम पडेल, त्या वायरीच्या मागे जाऊन बघा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल. आमच्याकडे तो चोर इन्व्हर्टरच निघाला. बटण बंद दिसत होतं, पण त्याचा रिमोट स्विच आतून चालूच होता.